रेगे संगीतातील रास्ताफारी श्रद्धा

रास्ताफारी हा १९३० च्या दशकात जमैकात उभा राहिलेला धर्मपंथ. २ नोव्हेंबर १९३० रोजी रास तफारी मकोन्नेन यांना हैले सेलासी या नावाने इथिओपियाचे सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला आणि लेनर्ड हॉवेल आदी प्रचारकांनी त्यांना देवाचा, म्हणजे ‘जाह’चा अवतार ठरवले. पंथाला ना मध्यवर्ती चर्च आहे, ना सर्वमान्य धर्मपीठ. त्यामुळे बायबलचा अर्थ लावण्याचे काम मोठ्या प्रमाणात रेगे गाण्याकडे आले. मेलोडियन्स या गायकगटाचे ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ (१९७०) मुख्यतः १३७ व्या स्तोत्रावर बेतलेले आहे. बंदिवान यहुद्यांचा तो विलाप जमैकात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचा होतो; बॅबिलॉन म्हणजे वसाहतवादी सत्ता आणि तिचे पोलीस, तर झायन म्हणजे इथिओपिया, किंबहुना सारी आफ्रिका. बॉब मार्लीचे ‘वॉर’ (१९७६) याहून धीट आहे. त्याचे बहुतेक शब्द सेलासी यांनी १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या भाषणातले. मुत्सद्द्याचे भाषण तालावर चढून श्रद्धावंतांसाठी देववाणी झाले.

रेगे जन्मतः रास्ता (रास्ताफारीपंथी) नव्हते, हा आक्षेप खरा आहे. ते स्का आणि रॉकस्टेडीतून, नाचगाण्याच्या बाजारातून आले. प्रेमगीते त्यात कायमच राहिली आणि सगळेच गायक पंथाचे नव्हते. मात्र रास्ता ढोलवादक काउंट ऑसीच्या वादकांचे न्याबिंगी, म्हणजे पंथाच्या उपासनेतले, ढोल ‘ओह कॅरोलायना’च्या ध्वनिमुद्रणात वाजले, तेव्हा रेगे हे नावही रूढ नव्हते. शब्दांच्या आधी ढोल स्टुडिओत पोचले होते.

हे सारे धर्माच्या वेषातले राजकारणच, असे म्हणणारेही आहेत. पण रास्तांच्या लेखी मुक्ती मरणोत्तर नाही, ती याच भूमीवर मिळायची आहे. म्हणून उपासमार, तुरुंग आणि आफ्रिकेत परतणे हे त्यांच्यासाठी धर्माचेच विषय ठरतात. याची कसोटी १९७५ मध्ये लागली. आदल्या वर्षी पदच्युत झालेल्या सेलासी यांच्या मृत्यूची बातमी ऑगस्टमध्ये आली. निव्वळ राजकीय निष्ठा असती, तर राजाबरोबर तीही संपली असती. मार्लीने त्याच वर्षी ‘जाह लिव्ह’ काढून देव जिवंत असल्याचे सांगितले. सेलासी स्वतः ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते आणि मार्लीनेही १९८० मध्ये इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचा बाप्तिस्मा घेतला, हे अर्थातच नोंदवायला हवे. पण त्याने ती गाणी मागे घेतली नाहीत.