हद्दींची एकच नोंद: पार्टिशन टेबल आणि त्याची पुनर्बांधणी

मार्च 1983 मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क एकाहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिमना वाटून घेता यावी म्हणून तिचे भाग पाडण्याची सोय डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 2.0 या आवृत्तीत करण्यात आली. या भागांना पार्टिशन म्हणतात, आणि कोणता भाग कोठे सुरू होतो व किती लांब आहे हे ज्या कोष्टकात नोंदलेले असते ते पार्टिशन टेबल. हे कोष्टक डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे 512 बाइटांच्या पहिल्याच कप्प्यात, ठेवले गेले: आरंभीच्या 446 बाइटांत संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, पुढच्या 64 बाइटांत प्रत्येकी 16 बाइटांच्या चार नोंदी आणि अखेरच्या दोन बाइटांत षोडशमान पद्धतीतील 55 व एए ही खूण.

या नोंदीची दुसरी प्रत मात्र कोठेही नव्हती. एक्सटीच्या डिस्कवर प्रत्येक ट्रॅकमध्ये, म्हणजे तबकडीवरील वर्तुळाकार पट्ट्यात, 17 सेक्टर असत आणि पहिले पार्टिशन पुढच्या ट्रॅकपासून सुरू करण्याची रीत पडली, त्यामुळे कोष्टकाच्या शेजारचे 16 सेक्टर रिकामेच राहू लागले. प्रतीसाठी त्यातला एक पुरेसा होता. तो वापरला गेला नाही, ही त्या रचनेतील सर्वांत महागात पडलेली उणीव म्हटली पाहिजे. पुढे 1987 मध्ये डॉस 3.3 ने चार नोंदींची मर्यादा ओलांडण्यासाठी विस्तारित पार्टिशन आणले. त्याच्या आत प्रत्येक उपभागाच्या आधी तशाच बांधणीचे एक छोटे कोष्टक असते आणि ते पुढच्या कोष्टकाचा पत्ता सांगते. साखळीचे पहिले टोक तेवढे पुन्हा त्याच एकुलत्या सेक्टरला बांधलेले राहिले.

पार्टिशन टेबल बिघडले की डॉस ‘सी’ ड्राइव्ह ओळखत नसे आणि वापरणाऱ्याला सर्व काही पुसले गेल्यासारखे वाटे. वास्तविक फाइली जागच्या जागी असत. तलाठ्याच्या दप्तरातील नोंद जळाली तरी शेत आणि बांधावरचे हद्दीचे दगड शिल्लक राहतात, तसा हा प्रकार होता, आणि दुरुस्तीची पुढची सारी विद्या असे दगड शोधण्यावर उभी राहिली. डॉसच्या प्रत्येक पार्टिशनचा पहिला सेक्टर हा असा एक दगड होय: त्याच्याही शेवटी 55 व एए असतात, पार्टिशन किती सेक्टरांचे आहे हे त्यात लिहिलेले असते आणि त्याच्या आधी किती सेक्टर आहेत याचाही आकडा त्यात असतो. पार्टिशनच्या सीमा ट्रॅकच्या किंवा सिलिंडरच्या, म्हणजे एकाखाली एक असलेल्या ट्रॅकच्या गटाच्या, कडेला लागून असण्याची रीत होती. त्यामुळे शोधणाऱ्याला प्रत्येक सेक्टर तपासावा लागत नसे.

कोष्टकाशेजारचे ते रिकामे सेक्टर अखेर वापरले ते व्हायरसांनी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमधून पसरलेला ‘स्टोन्ड’ हार्ड डिस्कचा मूळ पहिला सेक्टर उचलून त्याच ट्रॅकच्या सातव्या सेक्टरमध्ये ठेवी आणि स्वतः पहिल्या जागी बसे. यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला मूळ कोष्टक तयार मिळे. परंतु 1991 मध्ये आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ही सातवाच सेक्टर वापरत असल्याने दोघांची लागण एकाच डिस्कला झाली, की मूळ सेक्टर नाहीसा होई. ‘मंकी’ हा व्हायरस मूळ सेक्टर सांकेतिक रूपात लपवी. अशा डिस्कवर पार्टिशन पाडणाऱ्या एफडिस्क प्रोग्रॅमची, पहिल्या सेक्टरमधील प्रोग्रॅम नव्याने लिहिणारी एमबीआर ही आज्ञा चालवली, तर व्हायरस जाई, पण कोष्टक परत येत नसे. 1990 मध्ये भारतात प्रथम आढळलेला ‘जोशी’ व्हायरसही हार्ड डिस्कच्या याच सेक्टरमध्ये शिरत असे आणि 5 जानेवारीला जोशी यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करण्याची मागणी करून संगणक अडवून ठेवी. याच दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंच्या संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून ‘क्विक हील’ हा व्हायरसविरोधी प्रोग्रॅम तयार झाला.

1991 च्या एमएस-डॉस 5.0 मध्ये ‘मिरर’ या आज्ञेने पार्टिशन टेबलची प्रत फ्लॉपीवर घेता येऊ लागली आणि ‘अनफॉर्मॅट’ने ती परत बसवता येऊ लागली. उपाय चोख होता, पण ज्याने आधीच फ्लॉपी करून ठेवली त्याच्यापुरताच. शिवाय दोष नेहमी कोष्टकात असे असेही नाही. 1984 च्या पीसी एटीपासून डिस्कच्या रचनेची माहिती बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत राहू लागली; बॅटरी संपली की ही माहिती जाई आणि शाबूत कोष्टकही वाचता येत नसे. अशा वेळी सेटिंग न तपासता नवे कोष्टक लिहिणे म्हणजे चांगली नोंद स्वतःच्या हाताने पुसणे होते.

26 एप्रिल 1999 रोजी सीआयएच व्हायरसने असंख्य डिस्कचा पहिला एक मेगाबाइट शून्यांनी भरून टाकला, तेव्हा या विद्येची खरी कसोटी लागली. त्या भागात कोष्टकाबरोबर फॅटही येई; फॅट म्हणजे फाइलींचे तुकडे कोठे आहेत हे सांगणारी सूची. तिच्या दोन प्रती असतात. फॅट16 पद्धतीत ही सूची जास्तीत जास्त 128 किलोबाइटांची असल्याने पहिल्या पार्टिशनमधील दोन्ही प्रती त्या एका मेगाबाइटमध्येच नष्ट झाल्या; फॅट32 च्या मोठ्या पार्टिशनमध्ये मात्र दुसरी प्रत पलीकडे पडून वाचली आणि तिच्या आधारे फाइली परत मिळवणे शक्य झाले. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी 1998 पासून विकसित केलेला ‘टेस्टडिस्क’ हा मुक्त प्रोग्रॅम डिस्कवर पार्टिशनांच्या खुणा शोधतो, सापडलेले भाग वापरणाऱ्यापुढे मांडतो आणि त्याने संमती दिल्यावरच नवे कोष्टक लिहितो. हा संयम या कामात सर्वांत मोलाचा आहे.

इंटेलने 1990 च्या दशकाच्या अखेरीस हाती घेतलेल्या, संगणक सुरू करण्याच्या नव्या रचनेतून जीपीटी हे कोष्टक आले, त्यात दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली गेली आणि नोंदींची शुद्धता पडताळणारी बेरीजही जोडली गेली. जुन्या कोष्टकात सेक्टरांचे क्रमांक 32 बिटांत बसवलेले असल्याने 512 बाइटांच्या सेक्टरांची डिस्क 2 टेराबाइटांच्या पुढे हाताळता येत नव्हती, आणि बदल घराघरांत पोहोचण्यास ही अडचणच मुख्यतः कारणीभूत ठरली. जीपीटीच्या डिस्कवरही पहिल्या सेक्टरमध्ये जुन्या बांधणीची एक नोंद मुद्दाम ठेवलेली असते, जेणेकरून 1983 च्या रीतीने वाचणाऱ्या प्रोग्रॅमने ती डिस्क रिकामी समजून तिच्यावर काही लिहू नये.