गोल पृथ्वी, चौकोनी हवामान

फोनवर हवामानाचा नकाशा उघडा. निळा पाऊस, लाल उष्णता. बोटांनी मोठं करत गेलात की रंगांचे चौकोन दिसू लागतात. प्रत्येक चौकोन म्हणजे सारखाच प्रदेश, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. ही अडचण हवामानाच्या गणिताइतकीच जुनी आहे.

ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हाताने आकडेमोड करून हवामानाचा अंदाज काढून पाहिला. 1922 साली त्यांचं पुस्तक आलं. युरोपच्या नकाशावर त्यांनी बुद्धिबळाच्या पटासारखी घरं आखली होती : उत्तर-दक्षिण 200 किलोमीटर, पूर्व-पश्चिम 3 रेखांश. मध्य युरोपात 3 रेखांश म्हणजे साधारण 215 किलोमीटर, त्यामुळे घर जवळपास चौरस होतं. पण विषुववृत्तावर तेच 3 रेखांश 334 किलोमीटर भरतात, 80 अक्षांशावर जेमतेम 58 आणि ध्रुवावर शून्य.

1950 साली अमेरिकेत एनिअ‍ॅक संगणकावर चार्नी, फ्योरटॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी पहिले संगणकीय अंदाज काढले, तेव्हा रेखांशांची जाळी बाजूला ठेवली. ध्रुव मधोमध ठेवणारं स्टिरिओग्राफिक प्रक्षेपण घेतलं आणि सपाट कागदावर सारखे चौरस आखले. या प्रक्षेपणात कोन बिघडत नाहीत. एका जागी जितका ताण, तितका तो सगळ्या दिशांना, म्हणून समीकरणात एक गुणक घातला की भागतं. कागदावर सारखं दिसणारं अंतर ध्रुवापाशी 736 किलोमीटर होतं, तर 20 अक्षांशावर 494. फरक होताच, पण तो गणितात धरलेला होता.

आपल्या फोनवर तो डोळ्यांना धरता येत नाही. बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर प्रक्षेपणाचे असतात. 1569 सालचं हे प्रक्षेपण खलाशांना दिशा सरळ रेषेत आखता यावी म्हणून होतं, क्षेत्रफळाशी त्याला देणंघेणं नव्हतं. भारतीय हवामान विभागाची पावसाची आकडेवारी 0.25 अंशांच्या जाळीवर मिळते. कन्याकुमारीच्या घराची रुंदी साडेसत्तावीस किलोमीटर, श्रीनगरच्या घराची 23. म्हणजे श्रीनगरचं घर प्रत्यक्षात 16 टक्क्यांनी लहान. मर्केटरवर मात्र ते सुमारे 19 टक्क्यांनी मोठं दिसतं. ध्रुवाकडे जाल तसा हा घोळ वाढतो. भारताच्या दोन-तृतीयांश असलेला ग्रीनलंड तिथे भारताच्या कित्येक पट दिसतो.

जागतिक तापमानाच्या नकाशात हे महागात पडतं. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने तापतो आहे, हे खरंच. पण अक्षांश-रेखांशांच्या तक्त्यातली सगळी घरं सारखी मानून सरासरी काढली, तर ध्रुवांना नको इतकं वजन मिळतं. म्हणून प्रत्येक घराला अक्षांशाच्या कोसाइनने गुणतात. प्रोग्राममध्ये ही एक ओळ असते. नकाशा बघणाऱ्या डोळ्यांत ती नसते. मग आकडे बरोबर असूनही चित्र फसवतं.

2025 मध्ये पुण्याच्या आयआयटीएमने विकसित केलेली भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. तिच्या जाळीत ध्रुवाकडे जाताना प्रत्येक अक्षवृत्तावरचे बिंदू कमी होत जातात, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर साधारण सारखं राहतं. गणिताने गोल पृथ्वी मान्य केली आहे. पण अंदाज स्क्रीनवर यायचा तर तो पुन्हा सपाटच करावा लागतो. तेव्हा नकाशाच्या वरच्या टोकाला लालभडक पट्टा दिसला, तर फॉरवर्ड करण्याआधी तो कोणत्या अक्षांशावर आहे तेवढं बघा.