कर्जत तालुका : जमिनीची ओल, ज्वारी आणि सरकारी सारा

अहमदनगर (2024 पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दक्षिण टोकास कर्जत तालुका वसलेला आहे. त्याच्या दक्षिणेस भीमा व पूर्वेकडे सीना वाहते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे येथील पाऊस तुटपुंजा व अनियमित. नदीखोऱ्यांत खोल काळी जमीन, तर माळावर उथळ मुरमाड जमीन आढळते.

या भूरचनेनेच शेतकऱ्याची दिनचर्या ठरविली. मुख्य पीक रब्बी ज्वारीचे. उन्हाळ्यात कुळवणी करून रान तयार ठेवावयाचे, भाद्रपद-आश्विनातील पाऊस काळ्या मातीत मुरू द्यावयाचा आणि मग पाभरीने पेरावयाचे. पुढे पीक वाढते ते बव्हंशी साठलेल्या ओलीवर. पौषात हुरडा, फाल्गुनाच्या सुमारास खळे. धान्य पेवात अथवा कणगीत, कडबा गंजीत. बलुतेदारांचा वाटाही खळ्यावरच दिला जाई. म्हणजे वर्षाचा सारा हिशेब एका उशिराच्या पावसावर अवलंबून असे.

ब्रिटिश महसूलपद्धतीचा हिशेब मात्र निराळा होता. भीमेपलीकडील इंदापुरात 1836 साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेली पाहणी पुढे दख्खनभर पसरली. जमिनीची प्रत पाहून 30 वर्षांसाठी रोख सारा ठरविला जाई. पाऊस दरसाल बदले. सारा बदलत नसे. ही तफावत सावकाराच्या कर्जाने भरून निघे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861-65) कापसाचे भाव चढले व नंतर कोसळले. त्यातच फेरपाहणीने साऱ्याचे दर वाढविले.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला आणि तो पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या भागांत पसरला. उठावकऱ्यांचा रोख मुख्यतः खतांवर व वह्यांवर होता. माणसांवर हल्ले तुलनेने थोडे झाले. पाठोपाठ 1876-78 चा भीषण दुष्काळ आला. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांस दिला. तथापि ओलीची अनिश्चितता कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.

तिच्यावरील उपाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, 1972 च्या दुष्काळानंतर, उजनीचा जलाशय व कुकडीचा कालवा यांच्या रूपाने अंशतः आला. पाणी पोहोचले तेथे ऊस आला. इतरत्र ज्वारी आजही भाद्रपदाच्या पावसाची वाट पाहते. म्हणून कर्जतच्या शेतकऱ्याचे कर्ज हा त्याच्या उधळेपणाचा पुरावा न मानता भूगोल व महसूलव्यवस्था यांच्या विसंगतीचा परिणाम मानणे अधिक सयुक्तिक ठरते.