बोथट टोकाची गोष्ट

लहानपणी तारा तुटताना दिसला की आमची दादी चटकन डोळे मिटायला लावायची. तो तारा नसून हवेत जळणारा दगड असतो, हे पुढे शाळेत कळलं. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण एक प्रश्न मला कायम छळत आला: दगड जळून जातो, मग त्याच वाटेने येणारा माणूस जिवंत कसा उतरतो?

वेगाने जायचं तर टोक अणकुचीदार हवं, अशी तज्ज्ञांचीही समजूत होती. बाण काय, भाला काय, तसेच असतात. कॅलिफोर्नियातल्या एम्स प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ज्युलियन ॲलन यांनी १९५१ साली उलटंच मांडलं. म्हणाले, टोक बोथट करा.

यान घर्षणाने तापतं असं आपण म्हणतो. खरं तर मुख्य ताप समोरच्या हवेचा. तिला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाबली जाते आणि तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच. टोकदार नाकाला ही तापलेली हवा बिलगून राहते. बोथट नाकापुढे मात्र तिची लाट अंतर राखून उभी राहते आणि बरीचशी उष्णता हवेबरोबरच बाजूने निघून जाते. हा शोध अण्वस्त्रं वाहणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी होता, म्हणून काही वर्षं गुप्त राहिला. माणसाला सुखरूप आणणाऱ्या ढालीचा जन्म असा व्हावा, हे मला आजही टोचतं.

तरी थोडी उष्णता यानापर्यंत पोचतेच. तिच्यासाठी कवच स्वतःच जळतं. त्याचा कोळसा होतो आणि तो झडताना उष्णता घेऊन जातो. अपोलोच्या कवचात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी तीन लाखांहून जास्त घरं होती. प्रत्येक घर कामगारांनी हाताने भरलं. एक्स-रेत पोकळी दिसली की ते घर कोरून पुन्हा भरायचं!

२० फेब्रुवारी १९६२. जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत असताना जमिनीवर संकेत आला, कवच सैल झालंय. कवचावर पट्ट्यांनी बांधलेला, वेग कमी करणाऱ्या रॉकेटांचा संच एरवी उतरण्याआधी टाकून देत. तो तसाच ठेवायला सांगितलं. कवच धरून राहील, एवढीच आशा. उतरताना खिडकीबाहेरून जळते तुकडे जाताना ग्लेन यांनी पाहिले. ते त्या संचाचे की कवचाचे, हे त्यांना कसं कळावं? ते सुखरूप उतरले. संकेत खोटा होता, दोष एका स्विचचा.

२००३ साली उलटं घडलं. १६ जानेवारीला कोलंबिया उडालं आणि ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. अंतराळातून त्या पंखाची छायाचित्रं घ्या, असं काही अभियंते सांगत होते. वरिष्ठांनी ऐकलं नाही. १ फेब्रुवारीला, उतरायला सोळा मिनिटं उरलेली असताना, कर्नालच्या कल्पना चावलांसह सात जण गेले. ग्लेन यांच्या वेळी खोट्या संकेतालाही घाबरणारी माणसं होती.

चारच वर्षांनी, २२ जानेवारी २००७ रोजी, आपल्या इस्रोची साडेपाचशे किलोची कुपी बारा दिवस अंतराळात राहून बंगालच्या उपसागरात उतरली. आत माणूस नव्हता. अंगावर सिलिकाच्या फरशा होत्या, आणि नाक अर्थातच बोथट.