लंडन–सिडनी हवाई मार्ग

लंडन–सिडनी हवाई मार्ग : ग्रेट ब्रिटन व ऑस्ट्रेलिया यांना जोडणारा, जगातील अतिदीर्घ हवाई मार्गांपैकी एक मार्ग. लंडनचा हीथ्रो व सिडनीचा किंग्सफर्ड स्मिथ या विमानतळांमधील पृथ्वीच्या गोलपृष्ठावरील लघुतम अंतर सु. १७,००० किमी. आहे. प्रत्यक्ष उड्डाण याहून लांब पडते. कारण वारे, राष्ट्रांच्या हवाई हद्दी आणि इंधन घेण्याची ठिकाणे यांनुसार मार्ग वळवावा लागतो. या मार्गावरील प्रवासकालाचा इतिहास हा बव्हंशी इंधनाच्या थांब्यांचाच इतिहास होय.

रॉस व कीथ स्मिथ हे बंधू दोन यंत्रज्ञांसह १२ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनजवळील हाउन्स्लो येथून निघाले व १० डिसेंबरला डार्विनला पोहोचले. ब्रिस्बेन–लंडन प्रवासी सेवा १९३५ मध्ये सुरू झाली. सु. २०,५०० किमी. अंतरास साडेबारा दिवस लागत आणि त्यातही पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा आगगाडीने पार करावा लागे. १९३८ मध्ये पाण्यावर उतरणारी विमाने आली. राजसमंद व ग्वाल्हेर येथील तलाव हे त्यांचे भारतातील थांबे होते.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि हा मार्ग तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी क्वांटास कंपनीने जुलै १९४३ पासून पर्थ ते श्रीलंकेतील कोग्गला (तत्कालीन सिलोन) अशी सेवा चालविली. सु. ५,६५० किमी.चा हिंदी महासागर निःशस्त्र कॅटॅलिना विमानांनी विनाथांबा ओलांडावयाचा होता. इंधनाचा भार एवढा असे, की केवळ तीन प्रवासी व थोडे टपाल नेता येई. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी संदेश टाळून ताऱ्यांच्या आधारे दिशा ठरवीत. सत्तावीस ते तेहतीस तासांच्या या उड्डाणात प्रवाशांना दोन सूर्योदय दिसत. जुलै १९४५ पर्यंत अशी २७१ उड्डाणे झाली. वैमानिकांचे हे धैर्य पुढील काळातील वेगाच्या विक्रमांहून श्रेष्ठ मानावे लागेल.

युद्धोत्तर काळात, १ डिसेंबर १९४७ रोजी, कॉन्स्टेलेशन विमानांची सिडनी–लंडन सेवा सुरू झाली. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व त्रिपोली असे थांबे घेत हा प्रवास चार दिवसांत होई. ‘कांगारू मार्ग’ हे नाव याच सेवेमुळे रूढ झाले. १९५९ नंतर जेट विमानांनी हा अवधी दीड दिवसाच्या आसपास आणला.

ऑगस्ट १९८९ मध्ये एक बोइंग ७४७–४०० विमान लंडनहून सिडनीला विनाथांबा २० तास ९ मिनिटांत गेले. मात्र त्यात नेहमीचे प्रवासी नव्हते आणि इंधन वाचविण्यासाठी ते धावपट्टीपर्यंत ओढत नेले होते. पर्थ–लंडन (सु. १४,५०० किमी.) ही विनाथांबा नियमित सेवा मार्च २०१८ मध्ये सुरू झाली. पर्थहून लंडनला जाण्यास सु. १७ तास लागतात. परतीच्या उड्डाणास पश्चिमेकडून वाहणाऱ्या उच्चस्तरीय वाऱ्यांचे साहाय्य मिळत असल्याने ते सामान्यतः लवकर पूर्ण होते.