पनिशर : कॉमिक्समधील प्रतिनायक आणि त्याच्या चाहत्यांच्या रसग्रहणाचा इतिहास (१९७४ ते २०२२)

प्रस्तावना :

लोकप्रिय संस्कृतीच्या इतिहासलेखनात कॉमिक्सकडे बहुधा बालवाङ्मय म्हणूनच पाहिले जाते. त्यामुळे कॉमिक्समधील पात्रे प्रौढ समाजाच्या नीतिविषयक व राजकीय कल्पनांवर कसा परिणाम करतात, हा प्रश्न उपेक्षित राहतो. प्रस्तुत निबंधात अमेरिकेतील 'मार्व्हल' या प्रकाशनसंस्थेच्या 'पनिशर' या पात्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मराठी वाचकास कॉमिक्समधील कवटीचे चिन्ह अपरिचित नाही. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' मुंबईहून निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सद्वारे 'वेताळ' म्हणून मराठी घरांत पोहोचला. त्याच्या अंगठीवरील कवटीचा ठसा दुष्टांच्या हनुवटीवर उमटत असे. परंतु ती नायकाची कवटी होती. वेताळ गुन्हेगाराला ठोसा मारी, सहसा त्याचा जीव घेत नसे. १९७४ मध्ये अमेरिकन कॉमिक्समध्ये दुसरी एक कवटी अवतरली. ती एका माणसाच्या छातीवर होती आणि तो माणूस गुन्हेगारांना ठार मारत असे. पुढील पन्नास वर्षांत ही कवटी सैनिकांच्या चिलखतावर, पोलिसांच्या मोटारींवर आणि आंदोलकांच्या कपड्यांवर दिसू लागली. एका काल्पनिक खुन्यावरील प्रेमाचे असे रूपांतर का व कसे झाले, हा या निबंधाचा विषय आहे.

येथे 'प्रतिनायक' या संज्ञेविषयी खुलासा आवश्यक आहे. संस्कृत नाट्यविचारात प्रतिनायक म्हणजे नायकाचा प्रतिस्पर्धी. येथे मात्र कथेच्या केंद्रस्थानी असूनही नायकाचे नैतिक गुण ज्याच्या ठायी नाहीत, अशा पात्रासाठी ही संज्ञा आधुनिक अर्थाने वापरली आहे.

उद्दिष्टे :

१. पनिशर या पात्राच्या निर्मितीची ऐतिहासिक पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२. चाहत्यांच्या रसग्रहणाचे बदलते स्वरूप कालक्रमाने तपासणे.
३. कथा आणि चिन्ह यांची फारकत कशी झाली, याचा शोध घेणे.

अभ्यासपद्धती :

निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रकाशित कॉमिक्स ही प्राथमिक साधने मानली असून, पात्राच्या निर्मात्यांची जाहीर मते आणि सार्वजनिक नोंद असलेल्या घटना यांचा पूरक उपयोग केला आहे.

विषय विवेचन :

१) खलपात्र म्हणून जन्म

'द अमेझिंग स्पायडर-मॅन' या मालिकेच्या १२९ व्या अंकात (फेब्रुवारी १९७४) पनिशर प्रथम अवतरला. लेखक गेरी कॉनवे तेव्हा जेमतेम एकविशीत होते आणि चित्रे रॉस अँड्रू यांची होती. कॉनवे यांनी पात्राच्या छातीवर एका बाजूस लहानशी कवटी कल्पिली होती. कलादिग्दर्शक जॉन रोमिता यांनी ती संपूर्ण छातीभर पसरवली आणि तिचे दात कमरेच्या पट्ट्यापर्यंत आणले. 'पनिशर' हे नाव स्टॅन ली यांनी सुचविले. डॉन पेंडल्टन यांच्या १९६९ पासून प्रसिद्ध होणाऱ्या 'द एक्झिक्युशनर' या कादंबरीमालेचा, म्हणजे माफियाविरुद्ध एकट्याने युद्ध पुकारणाऱ्या माजी सैनिकाच्या कथेचा, प्रभाव या पात्रावर होता.

पहिल्या कथेत पनिशर चुकलेला माणूस आहे, ही बाब लक्षणीय आहे. जॅकल नावाचा खलनायक त्याची दिशाभूल करतो आणि स्पायडर-मॅन खुनी आहे असे समजून पनिशर निरपराध माणसाच्या मागे लागतो. स्वतःच न्यायाधीश व जल्लाद झालेल्या माणसाची चूक किती महाग पडू शकते, हे पहिल्याच कथेने सांगितले होते.

हा काळही विचारात घ्यावा लागतो. जानेवारी १९७३ मध्ये पॅरिस करार होऊन अमेरिकेने व्हिएतनाममधून माघार घेतली होती, तर वॉटरगेट प्रकरणामुळे शासनसंस्थेवरील विश्वास डळमळीत झाला होता. 'डर्टी हॅरी' (१९७१) आणि 'डेथ विश' (१९७४) या चित्रपटांनी कायद्याची चौकट ओलांडणाऱ्या नायकाला प्रेक्षकांची टाळी मिळवून दिली होती. व्हिएतनामहून परतलेला फ्रँक कॅसल हा मरीन सैनिक याच वातावरणाचे अपत्य होय.

२) वाचकांनी घडविलेला नायक

कॉनवे यांच्या मनात पनिशर हे दुय्यम पात्र होते. त्याला पुढे आणले ते वाचकांच्या प्रतिसादाने. त्या काळी अंकाच्या अखेरीस वाचकांची पत्रे छापली जात आणि संपादक मंडळ त्यांतून वाचकांची नाडी ओळखत असे. मागणीमुळे पनिशर पुनःपुन्हा पाहुणा म्हणून येत राहिला. १९७५ मध्ये 'मार्व्हल प्रिव्ह्यू' या कृष्णधवल नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात त्याची पूर्वकथा आली. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सहलीस गेलेले कॅसल कुटुंब एका टोळीहत्येचे साक्षीदार ठरते आणि पत्नी व दोन्ही मुले मारली जातात. एकटा वाचलेला बाप सूडाचे व्रत घेतो. हे नियतकालिक १९५४ च्या कॉमिक्स आचारसंहितेच्या कक्षेबाहेर असल्याने ही हिंसा मोकळेपणाने दाखविता आली.

या पूर्वकथेने वाचक व पात्र यांचे नाते बदलले. आता वाचक केवळ बंदुकीकडे पाहत नव्हता, तर शोकाकडेही पाहत होता. चाहत्यांच्या रसग्रहणाचा पहिला टप्पा अशा सहानुभूतीचा होता. त्यात कृत्याला संमती असेलच असे नाही. त्या कृत्यामागील दुःखाला मात्र दाद होती. फ्रँक मिलर यांनी १९८२ मध्ये 'डेअरडेव्हिल'च्या अंकांत कायद्यावर श्रद्धा ठेवणाऱ्या वकील-नायकासमोर पनिशरला उभे केले. कायदा आणि सूड यांतील हा वाद कथेतच मांडला गेल्याने वाचकाला दोन्ही बाजू तोलणे भाग पडत होते.

३) लोकप्रियतेचा कळस आणि बाजारपेठ

स्टीव्हन ग्रँट (लेखन) आणि माइक झेक (चित्रे) यांची पाच अंकांची मालिका १९८६ मध्ये आली. तिच्या यशानंतर १९८७ मध्ये पनिशरची स्वतंत्र नियमित मालिका, १९८८ मध्ये 'वॉर जर्नल' आणि १९९२ मध्ये 'वॉर झोन' सुरू झाली. एके काळचा पाहुणा आता एकाच वेळी तीन मालिकांचा धनी होता.

या लोकप्रियतेचा संबंध न्यूयॉर्कच्या तत्कालीन स्थितीशी जोडता येतो. डिसेंबर १९८४ मध्ये बर्नहार्ड गेट्झ या श्वेतवर्णीय प्रवाशाने भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. वृत्तपत्रांनी त्याची चर्चा स्वयंनियुक्त न्यायकर्ता म्हणून केली आणि अनेक नागरिकांनी त्याला पाठिंबाही दिला. १९८७ मध्ये ज्यूरीने हत्येच्या प्रयत्नाच्या आरोपातून त्याची मुक्तता केली. बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल मात्र तो दोषी ठरला. १९९० मध्ये या शहरात २,००० हून अधिक खून झाले. अशा भयग्रस्त नागरी जीवनात पनिशरची कथा इच्छापूर्तीचे साधन बनणे स्वाभाविक होते.

परंतु सगळा दोष वाचकांच्या माथी मारणे अनैतिहासिक ठरेल. १९९० ते १९९४ या काळात 'द पनिशर आर्मरी' नावाचे दहा अंक प्रसिद्ध झाले. त्यांत नेहमीसारखी कथा नव्हती. पनिशरची शस्त्रे व साधनसामग्री यांची सचित्र माहिती हाच त्यांचा विषय होता. मृत मुलांच्या बापाची कथा बाजूला ठेवून केवळ त्याच्या बंदुकांचे कौतुक करण्याची सोय प्रकाशकानेच करून दिली होती. चिन्ह आणि कथा यांच्या फारकतीचा आरंभ प्रस्तुत लेखकास येथे दिसतो. पुढे अतिउत्पादनामुळे व बाजारातील मंदीमुळे १९९५ मध्ये तिन्ही मालिका बंद पडल्या.

४) चिकित्सक रसग्रहण

सन २००० मध्ये गार्थ एनिस व स्टीव्ह डिलन यांनी पात्राचे पुनरुज्जीवन केले. २००४ ते २००८ या काळात एनिस यांनी प्रौढांसाठीच्या 'मॅक्स' या मालिकेचे साठ अंक लिहिले. त्याआधी २००३ मध्ये आलेल्या 'बॉर्न' या चार अंकी कथेत त्यांनी कॅसलला व्हिएतनामच्या रणभूमीवर नेले आणि एक अस्वस्थ करणारी शक्यता मांडली : कुटुंबाच्या हत्येने हा माणूस घडला नाही; युद्धाची ओढ त्याच्यात आधीपासूनच होती. सूडाला मिळालेले पवित्र कारणच येथे संशयास्पद ठरले.

अनेक जाणते चाहते आजही याच कथांना पनिशरच्या सर्वोत्तम कथा मानतात, ही बाब महत्त्वाची आहे. ज्या लेखनाने पात्राला गौरवापासून सर्वाधिक दूर नेले, त्यालाच सर्वाधिक दाद मिळाली. 'मॅक्स'मधील कॅसल वयाने थकलेला, एकाकी आणि कोणत्याही सुखाला पारखा झालेला आहे. त्याच्यासारखे व्हावे असे वाटावे, असे त्याच्यापाशी काहीच नाही. प्रतिनायकावर प्रेम करणे म्हणजे त्याचे अनुकरण करणे नव्हे, हे चाहत्यांच्या या निवडीतून स्पष्ट होते.

५) कथेविना कवटी

याच काळात कवटी मात्र कथा सोडून बाहेर पडली. इराक युद्धात ख्रिस काइल या नौदलाच्या नेमबाजाच्या तुकडीने वाहने व चिलखत यांवर ती रंगविली होती. त्याने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात याची नोंद केली आहे. २०१७ मध्ये केंटकी राज्यातील कॅटलेट्सबर्ग या छोट्या गावाच्या पोलीस मोटारींवर ती लावली गेली आणि टीकेनंतर काढून टाकण्यात आली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन येथील संसद भवनावर चाल करून गेलेल्या जमावातही काहींच्या अंगावर ती होती.

येथील विरोधाभास गंभीर आहे. कायद्याची यंत्रणा अपयशी ठरली म्हणून कॅसल पनिशर झाला. त्या यंत्रणेच्या प्रतिनिधीने हे चिन्ह मिरविणे म्हणजे स्वतःच्या अपयशाचा बिल्ला लावणेच होय. कॉनवे यांनी २०१९ मध्ये याच आशयाची नापसंती जाहीरपणे नोंदविली. त्याच वर्षी मॅथ्यू रोझेनबर्ग यांनी लिहिलेल्या अंकात दोन पोलीस कॅसलला आपण त्याचे चाहते असल्याचे सांगतात. कॅसल त्यांच्या गाडीवरील कवटी फाडून टाकतो, त्यांना कायद्याच्या शपथेची आठवण देतो आणि आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाकडे पाहा, असे सुचवितो. पात्राने आपल्याच चाहत्यांना नाकारण्याचा हा प्रसंग लोकप्रिय वाङ्मयात दुर्मिळ म्हणावा लागेल.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर कॉनवे यांनी अश्वेत व तरुण चित्रकारांकडून कवटीची नवी रूपे काढून घेतली आणि त्यांच्या विक्रीचा निधी वर्णद्वेषविरोधी चळवळीस दिला. २०२२ च्या मालिकेत तर प्रकाशकाने जुनी कवटी बाजूला सारून कॅसलच्या छातीवर निराळे, शिंगे असलेले चिन्ह दिले. निर्मात्यांनी चिन्ह परत मिळविण्याचा प्रयत्न दोन मार्गांनी केला : एकाने त्याचा अर्थ बदलू पाहिला, दुसऱ्याने चिन्हच बदलले.

निष्कर्ष :

१. पनिशरला खलपात्रातून कथेच्या केंद्रस्थानी आणण्यात वाचकांच्या प्रतिसादाचा वाटा निर्णायक होता. चाहते येथे केवळ ग्राहक नव्हते. ते पात्राचे सहनिर्माते होते.
२. चाहत्यांच्या रसग्रहणात सहानुभूती, इच्छापूर्ती व चिकित्सा असे तीन प्रवाह आढळतात. ते एकामागून एक आले तरी नंतर एकाच वेळी नांदत राहिले.
३. कवटीचा राजकीय विनियोग हा कथेच्या रसग्रहणाचा परिणाम नसून कथेपासून चिन्ह तुटल्याचा परिणाम आहे. या तुटण्यास प्रकाशकाची व्यापारनीतीही कारणीभूत आहे.
४. निर्मात्याचा निषेध चिन्हाचा प्रवास थांबवू शकत नाही. मात्र मूळ अर्थाची नोंद तो इतिहासात ठेवतो.

समारोप :

हा विषय दूरदेशीचा वाटला तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न आपल्या वर्गातही येतो. महाविद्यालयाच्या वाहनतळावर मोटारसायकलींच्या टाक्यांवर हीच कवटी प्रस्तुत लेखकाने अनेकदा पाहिली आहे. ती कोणाची, असे विचारल्यावर एका विद्यार्थ्याने 'डेंजर दिसते म्हणून लावली' असे प्रामाणिक उत्तर दिले. त्याला सेंट्रल पार्कमधील ती दुपार ठाऊक नव्हती, आणि यात त्याचा दोषही नव्हता. चिन्हे कथांपेक्षा वेगाने प्रवास करतात. त्या चिन्हामागे तीन मृतदेह आणि एक कधीही न संपणारे दुःख आहे, हे सांगणे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे. पनिशरचा खरा चाहता ती कथा जाणतो, म्हणूनच त्याला ती कवटी आपल्या छातीवर नको असते.