पहिली एअर रायफल आणि स्कोप कसा निवडायचा? कायदा, आकडे आणि बजेट, सगळं सोप्या भाषेत

मध्यंतरी गावातल्या एका पोराने मला व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली. खाली मेसेज: ‘दादा, ही घेऊ का? स्कोपसकट मिळतेय. रानात जायला बरी पडेल.’ लिंकमधली रायफल दिसायला भारी होती. वर ‘हंटिंग’ असं लिहिलेलं, वेग 1000 एफपीएस, सोबत 4×32 चा स्कोप. त्याला ह्यातला एकही आकडा कळला नव्हता, आणि ‘रानात जायला’ ह्या दोन शब्दांत किती मोठी भानगड आहे हेही ठाऊक नव्हतं.

यूट्यूबवर ‘पहिली स्वस्त हंटिंग रायफल’ शोधलं की अमेरिकेतले व्हिडिओ येतात. तिथला कायदा वेगळा, तिथली जंगलं वेगळी. खर्डी, शहापूर, मुरबाडकडच्या पोरांनी ते बघून खरेदी केली तर पैसे जातातच, वर केसही होऊ शकते. म्हणून हा लेख. आधी कायदा बघू, मग रायफल, मग स्कोप आणि शेवटी बजेट.

थोडक्यात उत्तर

- भारतात शिकारीसाठी रायफल घेणं हा पर्यायच नाही. वन्यप्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे.
- नेमबाजीचा छंद असेल तर 4.5 मिमी म्हणजे .177 कॅलिबरची, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते.
- पहिल्या रायफलीला स्कोप लागत नाही. घ्यायचाच असेल तर ‘एअरगनसाठी’ बनवलेलाच घ्या.
- प्राणी-पक्षी नुसते बघायचे असतील तर रायफल सोडा, दुर्बीण घ्या.

आधी कायदा: तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा

1. शिकार. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्याच्या कलम 9 नुसार अनुसूचीतल्या वन्यप्राण्याची शिकार करता येत नाही. ससा, तितर, होला, रानडुक्कर, भेकर, सगळे त्यात येतात. आणि ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. फासे लावणं, पकडणं, जखमी करणं, एवढंच काय, तसा प्रयत्न करणंही शिकारच. म्हणजे छर्रा चुकला तरी गुन्हा झालाच. गलोलीने पाडलेला होलाही ह्याच कायद्यात बसतो.

2022 च्या दुरुस्तीने दंड वाढला. सर्वसाधारण गुन्ह्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. प्राणी अनुसूची 1 मधला असेल किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल तर कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 7 वर्षं कैद आणि वर किमान 25 हजार दंड. हत्यार आणि वापरलेली गाडीही जप्त होते.

2. अभयारण्यात हत्यार. हे आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाचं. तानसा अभयारण्य शहापूर, वाडा आणि मोखाडा तालुक्यांत पसरलंय. खर्डीच्या आसपास फिरताना कधी त्याच्या हद्दीत शिरलो ते कळतही नाही. कलम 31 सांगतं की लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन जायचं नाही. आणि कायद्यातली ‘हत्यारा’ची व्याख्या एवढी मोठी आहे की प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन त्यात बसतं. तुमची ‘बिनपरवान्याची’ एअरगनसुद्धा. एकही छर्रा न झाडता, नुसती पाठीला लावून गेलात तरी तुम्ही चुकलात.

ह्यामागे कारण आहे. 2014 मध्ये ह्याच तानसात रानपिंगळ्याची नोंद झाली. हे छोटं घुबड शंभराहून जास्त वर्षं कुणालाच दिसलं नव्हतं, नामशेष झालं असंच धरलं जात होतं. 1997 मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा सापडलं. दिवसाढवळ्या फांदीवर बसणारा हा पक्षी लांबून साध्या पिंगळ्यासारखाच दिसतो. ‘गंमत म्हणून’ झाडलेला एक छर्रा नेमकं काय संपवेल, हे झाडणाऱ्याला कळणारही नाही.

3. परवाना. शस्त्र नियम 2016 प्रमाणे एअर रायफलीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा जास्त असेल, किंवा कॅलिबर 4.5 मिमीपेक्षा मोठं असेल, तर परवाना लागतो. म्हणून .22 म्हणजे 5.5 मिमीची एअरगन ‘कोण बघतंय’ म्हणून घेऊ नका. बारुदावर चालणाऱ्या बंदुकीला तर परवाना लागतोच, आणि त्यासाठी वय किमान 21 असावं लागतं. पीक संरक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकरं शेतात घुसत असतील तर लवकरात लवकर वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज टाका. डुक्कर मारायचं की नाही हे वन विभाग ठरवतो, आपण नाही.

‘1000 एफपीएस’चं गणित

जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरात असतो. एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फूट. गेममधल्या फ्रेम्सशी ह्याचा संबंध नाही. पण कायदा वेग बघत नाही, ऊर्जा बघतो. सूत्र शाळेतलंच: ऊर्जा = ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. छर्ऱ्याचं वजन ग्रेनमध्ये देतात, 1 ग्रेन म्हणजे 0.0648 ग्रॅम.

- 8 ग्रेनचा छर्रा, 800 एफपीएस (244 मी/से): सुमारे 15.4 ज्यूल. मर्यादेत.
- 8 ग्रेनचा छर्रा, 1000 एफपीएस (305 मी/से): सुमारे 24 ज्यूल. मर्यादेबाहेर!
- 5 ग्रेनचा हलका छर्रा, 1000 एफपीएस: सुमारे 15 ज्यूल. मर्यादेत.

बघा, वेग तोच, पण छर्रा बदलला की कायदाही बदलला. जाहिरातीतला मोठा आकडा बऱ्याचदा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने काढलेला असतो. त्यामुळे दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘हा वेग किती ग्रेनच्या छर्ऱ्याला आहे?’ उत्तर आलं नाही तर तिथून निघा. ऊर्जा 20 ज्यूलच्या आत असल्याचं बिलावर किंवा कंपनीच्या कागदावर लिहून घ्या.

आणि जास्त वेग म्हणजे चांगला नेम, हाही गैरसमज. ऑलिंपिकच्या 10 मीटर प्रकारात रायफलीची ऊर्जा साधारण 8 ज्यूलच असते. तरी तिथे मधला 10 गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

रायफलीचे प्रकार

- स्प्रिंगची, नळी मोडून भरायची. प्रत्येक वेळी नळी वाकवून स्प्रिंग दाबायची, छर्रा टाकायचा, चाप ओढायचा. बाहेरून हवा, सिलिंडर काही लागत नाही. स्वस्त, टिकाऊ, शिकायला उत्तम. तोटा: आतला दट्ट्या जोरात पुढे जातो, त्यामुळे रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. धरण्याची पद्धत चुकली की नेम हलतो.
- पीसीपी. टाकीत 200 ते 300 बार दाबाची हवा भरून ठेवायची. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास असते, म्हणजे कल्पना करा. झटका जवळपास नाही, नेम सोपा. पण हातपंप किंवा सिलिंडरचा खर्च वेगळा, आणि पंचरवाल्याच्या कॉम्प्रेसरने ती भरत नाही.
- सीओटू. छोट्या कॅप्सूलवर चालते. प्रत्येक कॅप्सूलचा खर्च आहे, आणि थंडीत दाब कमी झाला की वेग पडतो.

पहिली रायफल म्हणून माझं मत: भारतीय बनावटीची साधी स्प्रिंग रायफल, .177, उघडी माशी असलेली. प्रेसिहोल, एसडीबी अशा देशी कंपन्यांचे सुटे भाग आणि दुरुस्ती इथेच मिळते. आयात मॉडेलचं एक सील गेलं की ते शोधत बसावं लागतं.

स्कोपवरचे आकडे कसे वाचायचे?

4×32 म्हणजे काय? 4 पट मोठं दिसतं आणि पुढच्या काचेचा व्यास 32 मिमी. 3-9×40 म्हणजे 3 ते 9 पट बदलता येतं, काच 40 मिमी. फोनच्या डिजिटल झूमसारखं चित्र फाटत नाही, पण झूम वाढवला की हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि उजेड कमी होतो. 32 ला 4 ने भागा: 8 मिमीचा उजेडाचा गोल डोळ्याशी येतो. 40 ला 9 ने भागा: फक्त 4.4 मिमी. संध्याकाळी 9 पटवर चित्र अंधारं का दिसतं, ते इथे कळतं.

पॅरॅलॅक्स. डोळा थोडा सरकला की क्रॉसची खूणही लक्ष्यावरून सरकते. बंदुकीचे स्कोप बहुधा 100 यार्डांसाठी जुळवलेले असतात. तुम्ही झाडणार 10 ते 25 मीटरवर, तिथे ते धूसर दिसतात आणि चूक वाढवतात. म्हणून 10 मीटरपासून फोकस होणारा, पुढची रिंग फिरवता येणारा स्कोप बघा.

झटका सहन करणारा हवा. स्प्रिंग रायफलीचा दोन्हीकडचा झटका साध्या स्कोपच्या आतल्या काचा ढिल्या करतो. मोठ्या बंदुकीवर टिकलेला स्कोपही इथे बिघडू शकतो. खोक्यावर ‘एअरगन’ असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे.

माउंट. एअर रायफलीवर बहुधा 11 मिमीची खाच असते. 20 मिमीच्या रेलसाठीचे माउंट त्यावर बसत नाहीत. ऑर्डर करण्याआधी मोजा. माउंटला थांबवणारी पिन असेल तर उत्तम, नाहीतर झटक्यांनी स्कोप मागे सरकत जातो.

क्लिक. स्कोपच्या टोप्या फिरवल्या की ‘टिक-टिक’ होतं. बहुतेक स्कोपमध्ये एक टिक म्हणजे पाव एमओए, म्हणजे 10 मीटरवर फक्त 0.7 मिमी. छर्रा 1 सेंमी डावीकडे पडत असेल तर 14 टिक उजवीकडे. एका छर्ऱ्यावरून ठरवू नका. पाच झाडा, त्यांचा मध्य काढा, मग फिरवा.

फोनने वेग मोजा

वेग मोजायचं यंत्र वेगळं मिळतं, पण अंदाजासाठी फोनचा माइक पुरतो. फोन नळीच्या तोंडाजवळ बाजूला ठेवा, 10 मीटरवर लक्ष्य लावा, आवाज रेकॉर्ड करा. ऑडिओ एडिटरमध्ये दोन टोकं दिसतील: एक चाप ओढल्याचं, एक छर्रा आदळल्याचं. समजा मध्ये 79 मिलिसेकंद आहेत. आदळल्याचा आवाज परत यायला लागणारे 29 मिलिसेकंद वजा करा (ध्वनीचा वेग सुमारे 345 मी/से). उरले 50. 10 मीटर भागिले 0.05 सेकंद म्हणजे 200 मी/से. 8 ग्रेनच्या छर्ऱ्याला ही ऊर्जा 10.4 ज्यूलच्या आसपास. हा 10 मीटरमधला सरासरी वेग, तोंडाशी थोडा जास्त असतो. मोजलेला आकडा 20 च्या जवळ गेला तर विकणाऱ्याशी बोला.

बजेट कसं वाटायचं?

1. सगळे पैसे रायफलीत घालू नका. छर्रे, डोळ्यांचा चष्मा, छर्रे अडवणारी पेटी आणि कव्हर ह्यांसाठी पाचवा हिस्सा बाजूला ठेवा.
2. पहिले काही महिने स्कोपचे पैसे वाचवा. उघड्या माशीवर नेम शिकलात तर पुढे स्कोप कामाला येईल. उलटं होत नाही.
3. दोन-तीन प्रकारचे छर्रे थोडे थोडे घ्या. एकाच रायफलीत वेगवेगळ्या छर्ऱ्यांचा नेम वेगवेगळा बसतो.
4. अधिकृत दुकानातूनच घ्या. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या, पक्कं बिल घ्या. ‘कागद नको, स्वस्तात देतो’ म्हणणारा उद्या फोन उचलणार नाही. टेलिग्राम-इन्स्टावर ‘आधी यूपीआय करा’ म्हणणाऱ्याला सरळ ब्लॉक करा.
5. नेताना बंद कव्हरमध्ये, न भरलेली, छर्रे वेगळे, बिलाची प्रत सोबत.

सुरक्षितता: इथे सूट नाही

एअरगन खेळणं नाही. छर्ऱ्याने डोळा कायमचा जातो, जवळून बसला तर जीवही जाऊ शकतो. चुकलेला छर्रा शेकडो मीटर लांब जातो. रायफल कायम भरलेली आहे असंच धरा. मागे भक्कम भिंत किंवा मातीचा बांध असल्याशिवाय झाडू नका. दगड, लोखंड, पाणी ह्यांवर नाही, छर्रा उलटतो. छर्ऱ्यात शिसं असतं, म्हणून हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. घरात लहान भावंडं असतील तर कुलूप लावा. कुणाच्या जिवाला धोका झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 125 लागू शकतं, आणि ‘रील बनवत होतो’ हा बचाव नाही. उलट ती रीलच पुरावा ठरते.

नेम खरंच आवडला तर?

मग पुढचा रस्ता रानात नाही, रेंजवर जातो. 2022 मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलीत जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील आपल्याच ठाण्याचा. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. आणि गंमत म्हणजे 10 मीटर स्पर्धेत स्कोप चालतच नाही. छोट्या छिद्रातून नेम धरतात. मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे, पनवेलला सुमा शिरूर ह्यांची अकादमी आहे. स्पर्धेच्या आयात रायफली लाखांत जातात, म्हणून आधी क्लबमध्ये चौकशी करा. क्लबची रायफल वापरायला मिळाली तर महिनाभर तीच वापरा, मग स्वतःची घ्यायची का ते ठरवा.

नेहमीचे प्रश्न

स्वतःच्या शेतात झाडता येईल का? लक्ष्यावर, मागे बांध असेल आणि आजूबाजूला माणसं-गुरं नसतील तर. शेत अभयारण्याच्या हद्दीत आहे का, हे आधी वन विभागाकडे विचारा.

कुत्री, माकडं हाकलायला चालेल? नाही. तोही गुन्हाच आहे.

फक्त स्कोप घेऊन पक्षी बघू? नको. एका डोळ्याने बघावं लागतं आणि अरुंद दिसतं. त्याऐवजी 8×42 ची दुर्बीण घ्या. आकडे तसेच वाचायचे: 8 पट, 42 मिमी काच.

त्या पोराला मी हेच सगळं सांगितलं. त्याने रायफल घेतली नाही. दुर्बीण घ्यायची म्हणून पैसे साठवतोय, आणि एका रविवारी त्याला वरळीची रेंज दाखवायचं मी कबूल केलंय. तुमच्या ग्रुपवर अशीच एखादी लिंक फिरत असेल तर पैसे भरायच्या आधी हा लेख तिथे टाका.